ब्रेस्ट लिफ्ट करायची म्हणताय? बायका वारंवार विचारतात ते प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. ऑपरेशनआधी पेशंटशी बोलणं आणि नंतर तिचं ड्रेसिंग करणं ही माझी कामं. या ऑपरेशनचे फोन बहुतेक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतात, घरातली माणसं आडवी झालेली असतात तेव्हा. सुरुवातही ठरलेली: "सिस्टर, माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं." जालन्याची, परभणीची, उमरग्याची, सगळीकडची ती एकच मैत्रीण. हे पान तिच्यासाठी. शेवटचा शब्द अर्थात तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

ब्रेस्ट लिफ्टमध्ये नेमकं करतात काय?

ओघळलेली छाती वर घेतात. डॉक्टर याला मॅस्टोपेक्सी म्हणतात. सैल पडलेली जादा कातडी काढतात, आतल्या ग्रंथी आणि चरबी वर घेऊन टाक्यांनी नवा आकार देतात आणि निप्पल वर सरकवतात. निप्पल कापून काढतात आणि पुन्हा चिकटवतात, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नसतं. फळ देठाला धरून असावं तसं निप्पल आतल्या मांसाला, रक्तवाहिन्यांना आणि नसांना जोडलेलंच राहतं आणि त्यांच्यासकट वर जातं.

छाती मोठी करायची असेल तर ते काम इम्प्लांटचं, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम पिशवीचं, लहान करायची असेल तर ते रिडक्शनचं. लिफ्टनं माप फारसं बदलत नाही. कातडी गेल्यामुळं थोडी लहान वाटते एवढंच. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत, मान-पाठ दुखते, उन्हाळाभर छातीखाली ओल राहून चट्टे उठतात, असं कुणी सांगितलं की आम्ही लिफ्टच्या आधी रिडक्शनबद्दल बोलतो. दुखणं वजनाचं असेल तर नुसती वर घेऊन भागत नाही.

छाती ओघळते कशानं? लेकराला अंगावर पाजल्यानं का?

हा दोष आईच्या दुधावर उगाच येतो. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंगावर पाजलेल्या आणि न पाजलेल्या बायकांची तुलना केली, तर पाजल्यामुळं वेगळा असा परिणाम दिसला नाही. ज्याचा संबंध दिसला त्या गोष्टी वेगळ्याच होत्या: वय, वजन, गरोदरपणांची संख्या, मुळात छाती मोठी असणं आणि सिगारेट. म्हणजे गरोदरपणात छाती भरते आणि नंतर उतरते, त्यातच कातडी ताणली जाते. पुढं तुम्ही पाजा किंवा पाजू नका. तेव्हा फिगर बिघडेल म्हणून सुनेला पाजू नको असं सांगणाऱ्या आत्याबाई घरात असतील तर त्यांना हे वाचून दाखवा.

झपाट्यानं वजन उतरलं की मात्र फार ओघळते. वजन कमी करायचं ऑपरेशन करून आलेल्या बायकांमध्ये हे आम्ही नेहमी पाहतो.

मला गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

आरशासमोर ब्रा न घालता सरळ उभं राहा. छातीखाली जिथं घडी पडते ती रेघ पाहा आणि निप्पल तिच्या तुलनेत कुठं आहे ते बघा. घडीच्या वर असेल तर ओघळणं म्हणण्यासारखं नाही. घडीच्या पातळीवर आलं तर पहिली पायरी, खाली गेलं तर दुसरी, आणि छातीच्या अगदी खालच्या टोकाला जाऊन जमिनीकडं पाहायला लागलं तर तिसरी. हीच पायरी पुढं चिरा किती लागतील ते ठरवते.

पण गरज हा शब्द मला इथं नेहमी खटकतो. तिसऱ्या पायरीवरच्या कित्येक जणींना याचं काहीच वाटत नाही, आणि ते बरंच आहे. हे ऑपरेशन न केल्यानं तब्येतीचं काही बिघडत नाही. स्वतःला वाटतंय म्हणून येणारीला आम्ही हो म्हणतो. नवऱ्यानं पाठवलंय म्हणून आलेलीला डॉक्टर एकटीला आत बोलावतात, आणि अशांतल्या काही जणी पुन्हा येत नाहीत.

तेल, क्रीम, मालिश, व्यायाम यांनी होत नाही का?

नाही. व्यायामानं छातीमागचा स्नायू भरतो, पण स्तनात स्नायू नसतोच. तिथं ग्रंथी, चरबी आणि कातडी असते. ताणलेली कातडी तेलानं आवळत नाही. राहिली मोबाइलवर येणारी सुडौल-बिडौलची जाहिरात. १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर, मधुमेह यांच्या रांगेत स्त्रीच्या छातीचा आकारही आहे. म्हणजे औषधानं छाती सुडौल करून देतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. सत्तर वर्षं झाली कायद्याला. डब्या अजून विकल्या जातायत.

आणखी मूल हवंय. आत्ताच करून घेऊ का?

थांबा. पुढच्या गरोदरपणात कातडी पुन्हा ताणेल आणि केलेलं पाण्यात जाईल. मुलं झाली, पाजणं सुटून किमान तीन ते सहा महिने झाले आणि वजन निदान सहा महिने एकाच काट्यावर आहे, अशी वेळ चांगली. दहा-पंधरा किलो उतरवायचे मनात असेल तर आधी ते उतरवा.

खुणा राहतात का? कुठं?

राहतात. बिनखुणेची लिफ्ट कुणी सांगत असेल तर फोन ठेवा.

चिरा तीन तऱ्हेच्या असतात. थोडं काम असेल तर निप्पलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं फक्त गोल चीर. मधलं काम असेल तर गोल आणि तिथून सरळ खाली घडीपर्यंत एक रेघ. जास्त ओघळलेली असेल तर या दोन्ही आणि शिवाय खालच्या घडीत आडवी. आपल्याकडं येणाऱ्या बायका बहुतेक उशिरा येतात, लेकरं मोठी झाल्यावर, त्यामुळं दुसरी नाहीतर तिसरी चीरच जास्त लागते. गोल चिरेतच भागवा असा हट्ट धरू नका. काम मोठं आणि चीर लहान असली की वर्तुळ पसरतं, छाती समोरून चपटी होते.

पहिले दोन-तीन महिने खूण लाल, जाड, खाजरी होते आणि पेशंट घाबरून फोन करते. ते होणारच. मग हळूहळू ती उतरते. पूर्ण फिकी पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. आपल्या सावळ्या कातडीला खूण काळी पडण्याची आणि गाठाळण्याची सवय जास्त. म्हणून मी पहिल्या भेटीत एक गोष्ट बघतेच: दंडावरची बीसीजीची खूण, कान टोचलेली जागा, सिझेरियनचा व्रण. यातलं काही शेंगेसारखं फुगून वर आलं असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सुरू करतात आणि निदान तीन महिने चालवतात. हळद, कोरफड, गावाकडचा लेप हे जखमेवर नको. हळद दुधात घ्या.

डॉक्टर कसा निवडायचा?

पाटीवर कॉस्मेटिक लिहिलंय म्हणून तो प्लास्टिक सर्जन होत नाही. एमएस जनरल सर्जरी झाल्यावर प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा डीएनबी, ही पदवी बघायची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायचा. मग विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही किती वेळा करता, भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर खोलीत असणार का, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्या बांध्याच्या पेशंटचे सहा महिन्यांनंतरचे फोटो मागा. पंधराव्या दिवसाचा फोटो कुणाचाही चांगलाच दिसतो.

बायकांना एवढे प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण आठवा. २०१९ मध्ये त्यासाठी राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी खराब झालीय, काढून टाका, एवढ्या एका वाक्यावर बायका टेबलावर झोपल्या होत्या. ब्रेस्ट लिफ्ट तर घाईची कधीच नसते. आज पैसे भरले तर सूट, असं कुणी म्हणालं की पर्स उचलून बाहेर पडा.

खर्च विम्यातून किंवा सरकारी योजनेतून होतो का?

नुसत्या सौंदर्यासाठी असेल तर नाही. आरोग्य विम्यात हे वगळलेलं असतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही बसत नाही. कॅन्सर, अपघात किंवा भाजल्यानंतर छाती पुन्हा घडवायची असेल तर गोष्ट वेगळी; तिथं आधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. एरवी दवाखान्याच्या बिलावर जीएसटी नसतो, सौंदर्याच्या ऑपरेशनवर लागतो, म्हणून सांगितलेला आकडा कर धरून आहे का तेही विचारा. त्या आकड्यात भूलतज्ज्ञ, थिएटर, तपासण्या, औषधं, सर्जिकल ब्रा आणि नंतरची ड्रेसिंगं धरलीत का, आणि पुढं छोटी दुरुस्ती लागली तर तिचे पैसे कोण देणार, हे कागदावर लिहून घ्या.

आधी तयारी काय? "तंबाखू नाही खात, नुसती मिसरी लावते."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता फॉर्मवरचा प्रश्नच बदलून घेतला. आधी "तंबाखू खाता का" असं विचारायचो, सगळ्या नाही म्हणायच्या. आता "सकाळी मिसरी लावता का" असं विचारते, आणि मग डोकं हळूच हलतं. एक मुख्याध्यापिका होत्या, अगदी नीटनेटक्या. पर्समध्ये पावडरच्या डबीत मिसरी. त्यांना ती दात घासायची पूड वाटत होती.

मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीवर बोटानं चोळली की निकोटीन थेट रक्तात. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशनात निप्पल आणि कातडीच्या कडा त्याच बारीक वाहिन्यांवर जगत असतात. रक्त कमी पडलं तर जखम उसवते, कातडीची कड काळी पडते, क्वचित निप्पलचा भागही जातो. म्हणून मिसरी, तंबाखू, गुटखा, सिगारेट सगळं निदान चार आठवडे आधी बंद आणि चार आठवडे नंतरही. सुटली नाही तर तसं खरं सांगा. तारीख पुढं ढकलता येते. लपवलंत तर त्याचा हिशेब जखमेवर निघतो.

बाकी तयारी अशी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, जडीबुटीची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांची यादी डॉक्टरांना द्या; आपल्या मनानं बंद करू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, ईसीजी होतात. आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असतं, त्यामुळं महिना-दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन मग तारीख मिळणं हे नेहमीचंच. चाळिशीच्या पुढं मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, त्याआधी सोनोग्राफी. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, तेव्हा आत गाठ आहे का हे न बघता वरून आकार देत बसण्यात अर्थ नाही.

पाळी आली तर ऑपरेशन पुढं ढकलतात का, हेही विचारतात. बहुतेक वेळा नाही. फक्त सांगून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

आधी सहा तास पोटात अन्न नको, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. दुधाचा चहा अन्नात धरतात. एकीनं सकाळी सहाला घोटभर चहा घेतला होता, "चहा कुठं जेवण असतं?" म्हणाली. त्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं नाही.

मग येतं ते मार्किंग, आणि सगळ्यात अवघड वाटतं ते हेच. भुलेआधी, जागेपणी, उभं राहून छाती उघडी ठेवायची. झोपलं की छाती बाजूला पसरते आणि माप चुकतं, म्हणून उभंच राहावं लागतं. डॉक्टर शिंप्यासारखी टेप गळ्याच्या खाचेपासून निप्पलपर्यंत धरतात, छातीखालच्या घडीत एक बोट ठेवून समोरून ती उंची जिथं येते तिथं जांभळ्या मार्करनं खूण करतात. तिथं नवं निप्पल येणार. आकडे मी लिहून घेते. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक निघतो आणि पेशंट दचकते; तिच्या आजवर लक्षातच आलेलं नसतं. फरक सगळ्यांनाच असतो. मी त्या वेळी पंखा कमी करते, दाराला आतून कडी लावते आणि खांद्यावर चादर ठेवते. खोलीत दुसरी बाई असावी अशी मागणी तुम्हीही करू शकता. तो तुमचा हक्कच आहे.

त्यानंतर पूर्ण भूल. दोन-तीन तास लागतात. जाग येते तेव्हा छातीला घट्ट सर्जिकल ब्रा आणि पट्ट्या असतात, कधी रक्त-पाणी बाहेर काढायला बारीक नळी. बहुतेक जणी एक रात्र राहतात. हिंगोली, किनवटसारख्या लांबच्या ठिकाणाहून आलेल्यांनी आणखी दोन रात्री शहरातच नातेवाइकाकडं काढाव्यात. पहिल्या दोन दिवसांत काही झालं तर कित्येक तासांच्या रस्त्यावर असणं बरं नाही.

लई दुखतं का?

सिझेरियन झालेल्या बहुतेक जणी म्हणतात, त्याहून कमी. पहिले तीन-चार दिवस ताण, ठणक आणि जडपणा असतो, गोळ्यांनी आवरतो. आठवड्यानंतर मधूनच सुई टोचल्यासारखी चमक निघते. नसा जाग्या होत असतात. उताणं झोपायचं, पाठीला दोन उशा देऊन अर्धवट बसल्यासारखं, दोन-तीन आठवडे. पालथं झोपायची सवय असलेल्यांना खरा त्रास याचाच होतो.

आंघोळ कधी?

डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, बहुधा दोन-तीन दिवसांनी. तोवर कमरेखाली आंघोळ आणि वर ओला टॉवेल. पाण्याबद्दल मात्र एक बोलायचंय. आपल्या शहरांत नळ चार-आठ दिवसांनी येतो आणि साठवलेलं पाणी पिंपात असतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपलं पाणी. जखमेच्या भागावर टँकरचं किंवा पिंपातलं पाणी तसंच ओतू नका. उकळून गार केलेलं वापरा, तांब्यानं हळू सोडा, स्वच्छ सुती कपड्यानं टिपून घ्या, चोळू नका. टाके बहुतेक विरघळणारे असतात. काढायचे असले तर एक ते दोन आठवड्यांत काढतात.

सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे दिवसरात्र. पुढून उघडणाऱ्या दोन घ्या. एक धुवायला पडते.

भाकरी कधी थापू? लेकराला कडेवर कवा घेऊ?

या एका प्रश्नावर मी अर्धा तास बोलते. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, दोन-तीन किलोहून जास्त वजन सहा आठवडे उचलू नका. ते वाचून बाई मान डोलावते आणि घरी जाऊन हंडा उचलते, कारण हंडा तिच्या लेखी वजन नाहीच, ते काम आहे. म्हणून कामांच्या नावानंच सांगते.

पाण्यानं भरलेली घागर दहा-पंधरा किलो. बंद, सहा आठवडे. दीड वर्षाचं लेकरू दहा किलो. तुम्ही खाटेवर बसा आणि त्याला कुणीतरी मांडीवर आणून द्या, उचलायचं नाही. ज्वारीचं पीठ मळणं आणि भाकरी थापणं, यात तळव्याचा जोर थेट छातीच्या स्नायूवर येतो आणि टाक्यांवर हिसका बसतो; चार आठवडे नको, नंतर एक-दोन भाकरींपासून सुरू करा. कपडे पिळणं, धुणं आपटणं, पाटा-वरवंटा, माळ्यावरचं काढणं, रांगोळीसाठी वाकून बसणं, फरशी पुसणं, सगळं सहा आठवड्यांनंतर. कापूस वेचणीत हात हलका चालतो, पण कमरेला ओटी भरत जाते आणि वाकून राहावं लागतं; दोन महिने तरी नको.

चालतं काय? चहा करणं, भाजी निवडणं, केस विंचरणं, दुसऱ्या दिवसापासून घरात चालणं. चालणं तर औषधच, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून.

माझं सरळ सांगणं असं: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी भाकरीची बाई, पाणी भरणारं माणूस आणि लेकरू सांभाळणारं माणूस ठरवा. मी पाहिलेल्या उसवलेल्या जखमांमधल्या बऱ्याच अशा होत्या की दहाव्या दिवशी पाहुणे आले आणि ही चुलीपाशी गेली.

ड्युटी, स्कूटी, एसटी?

बसून करायचं काम एक ते दोन आठवड्यांनी. शाळेत फळ्यावर उंच लिहायचं असेल तर थोडं आणखी थांबा. स्कूटी तीन आठवड्यांआधी नको, आपले स्पीडब्रेकर बघता चारच म्हणा. एसटीनं यायचंच असेल तर पुढची सीट घ्या, छातीशी छोटी उशी धरा. लांबच्या रेल्वे प्रवासात तासा-दीड तासानं उठून डब्यात फेरी मारा.

खाण्याचं पथ्य?

भात खाल्ला की जखम पिकते, वांगं वातूळ, आंबट नको, हे काही नाही. डाळ, अंडी, दूध, मटण, शेंगदाणे, भाज्या, भरपूर पाणी. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पेरू-पपई. बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू दोन महिने खाऊ घालतात, तेवढं टाळा. वजन वाढलं तर केलेलं ताणतं. साखरेचा त्रास असेल तर औषध चुकवू नका.

काळजीचं काय आणि साधं काय, हे कसं कळावं?

सूज, काळं-निळं होणं, डाव्या-उजव्यात थोडा फरक, पट्टीवर थोडं पिवळसर-लालसर पाणी, हे सगळं साधं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट हमखास घाबरवते. खाली येणारी रेघ आणि आडवी रेघ जिथं मिळतात त्या तिठ्यावर सगळा ताण असतो. तिथं तुरीच्या डाळीएवढं तोंड उघडतं, पिवळट दिसतं. फोटो पाठवा, ड्रेसिंगला या. बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतं, पुन्हा टाके लागत नाहीत.

ताबडतोब फोन करायचा तो यासाठी: पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक फुगली, दगडासारखी कडक झाली आणि ठणका वाढला, म्हणजे आत रक्त साचतंय. निप्पल निळं किंवा काळं पडायला लागलं. थंडी वाजून ताप आला, लाली पसरतेय, वास येतोय. पिंढरी एका बाजूची सुजून दुखतेय. आणि श्वास लागला, छातीत कळ आली तर आमच्या फोनची वाट बघू नका. १०८ लावा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. रात्रीचे दोन वाजलेत, सिस्टर झोपल्या असतील, असला विचार करू नका.

निप्पलची जाणीव जाते का? नंतर पाजता येईल का?

जाणीव काही आठवडे-महिने कमी होते, काहींना उलट इतकी वाढते की पदर लागलेलाही सहन होत नाही. बहुतेकांची परत येते, थोड्या जणींची पूर्ण येत नाही. पाजणं पुष्कळदा शक्य असतं, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही.

घरी काय सांगू? सही नवऱ्याची लागते का?

तुम्ही सज्ञान आहात, सही तुमचीच. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय की शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती तिचीच असावी लागते, नातेवाइकाची चालत नाही. तरी ऑपरेशनला सोबत कुणीतरी हवं. भुलेतून उठल्यावर एकटीनं रिक्षा करून जाता येत नाही.

घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण "गाठ काढायचीय" असं सांगू नका. एकीनं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी गावाहून जीप भरून माणसं आली, मावशी दारातूनच रडत आली, आणि कुणीतरी देवीला नवसही बोलून बसलं. ती बिचारी उशीला टेकून सगळ्यांचं सांत्वन करत होती.

उन्हाळ्यात करावी का?

शिक्षिका मेच्या सुटीचं विचारतात. बेचाळीस अंशात घट्ट ब्रा, पट्ट्या, घाम आणि मध्येच गेलेली लाइट. घडीतली जखम ओली राहते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे महिने सोपे. मेशिवाय पर्याय नसेल तर कूलरची सोय आधी करा आणि ब्राखाली पातळ सुती कापड ठेवून ते दिवसातून दोनदा बदला.

नंतर मॅमोग्राफीला अडचण येते का?

नाही, फक्त ऑपरेशन झाल्याचं सांगा. आत चरबी घट्ट होऊन गाठीसारखी लागू शकते, म्हणून सहा महिने ते वर्षानं एक तपासणी करून ती पुढं तुलनेसाठी जपून ठेवतात. नवी गाठ लागली तर ती ऑपरेशनचीच असेल असं गृहीत धरू नका, दाखवा.

पुन्हा ओघळेल का?

हळूहळू, हो. वय आणि वजन कुणाला चुकत नाही. पण जिथून सुरुवात केली होती तिथं परत यायला बरीच वर्षं लागतात, वजन स्थिर ठेवलं तर आणखी. इम्प्लांटही घातलं असेल तर ते कायमचं नसतं, पुढं कधीतरी बदलावं लागू शकतं.

आकार कधी बसतो? लग्नसराईचे ब्लाऊज कधी शिवायला टाकू?

पहिल्या महिन्यात छाती जास्तच वर, वरून भरलेली आणि खालून चपटी दिसते; खालच्या टाक्यांपाशी कातडीला चुण्याही असतात. "सिस्टर, हे काय चौकोनी केलंय" असं म्हणून रडलेल्या आहेत. तीन महिन्यांत ती खाली बसते, गोलाई येते. सहा महिन्यांनी जे दिसतं ते जवळपास खरं माप. तोवर कटोरी ब्लाऊज शिवू नका. मध्ये लग्न आलंच तर साधा, पुढून हुकांचा, बाजूला दोन बोटं शिलाई जास्त ठेवलेला टाका. आणि टेलरला जुनं माप नको म्हणून सांगा. ती वहीत बघून कापते.